मारुतीच्या नावाचं रक्त

प्रधानबाई दिसायला चांगल्या नव्हत्या. पुढचे दात थोडे बाहेर, अंगानं काटकुळ्या, आणि चालताना एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर. हे आधीच सांगून टाकते, कारण जुन्या माणसाविषयी लिहायला बसलं की लोक पहिल्यांदा त्याला देखणं करतात.

मागच्या महिन्यात नातसुनेनं विचारलं, "आजी, तुम्ही कंपनीत काय काम करत होता?"

मी म्हटलं, "बाटल्या धूत होते."

"एवढंच?"

"एवढंच."

तेव्हापासून बाई डोक्यातून जात नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका होतील त्या नात काढणार आहे.

छप्पन-सत्तावनच्या सुमाराची गोष्ट. पिंपरी आणि चिंचवडच्या मधे, रेल्वेच्या रुळाला लागून एक कारखाना निघाला. पिकावरच्या किडीचं औषध. परदेशातून पिंपं यायची, ते औषध इथं तेलात मिसळून लहान बाटल्यांत भरायचं. आमची रुळाकडची जमीन त्यात गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला काम मिळालं. नवरा रेल्वेत गँगमन, दीर लहान, म्हणून मी गेले. वीस वर्षांची होते. भरणीच्या शेडजवळून गेलं की लसूण सोलल्यासारखा वास यायचा. मला शेडमध्ये घातलं नाही, तपासणीच्या खोलीत घातलं. तिथं प्रधानबाई होत्या.

मुंबईत शिकलेल्या, चाळिशीच्या, लग्न न केलेल्या. चिंचवडला एका खोलीत एकट्या राहायच्या. गावात त्याची चर्चा झाली तशी झाली, मग लोकांना कंटाळा आला.

पहिल्या दिवशी मी धुतलेली काचेची नळी त्यांनी खिडकीत धरली. आतून पाण्याचे थेंब चिकटले होते.

"शेवंताबाई, पुन्हा करा."

मी पुन्हा धुतली. पुन्हा खिडकीत.

"पुन्हा करा. स्वच्छ काचेवरून पाणी पडद्यासारखं सरळ उतरतं. थेंब राहिला म्हणजे कुठंतरी तेलकट बोट लागलंय."

असं सहा वेळा. सातव्या वेळी पाणी सरळ उतरलं. त्या "आता झालं" म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या. शाबासकी वगैरे काही नाही. पण त्यानंतर माझ्या धुतलेल्या नळीत मी थेंब राहू दिला नाही. आजही घरात पेला उजेडात धरते, सुना हसतात.

दुसरं म्हणजे त्या सगळ्यांना 'अहो' म्हणत. मी त्यांच्या निम्म्या वयाची, तरी 'अहो शेवंताबाई'. झाडणाऱ्याला अहो, पिंपं ढकलणाऱ्यांना अहो. मुकादम म्हणायचा, "ही बाई बैलालाबी म्हनंल, अहो, जरा बाजूला व्हा." लोकांना ते खोटं वाटायचं. मला पण पहिले काही महिने वाटलं. खोटं असतं तर कधीतरी सुटलं असतं. सुटलं नाही.

आठवड्यातून एकदा त्या सकाळी पिंपरीच्या खाटकाकडून डबा घेऊन यायच्या. पितळी डबा, भोवती गोणपाटात बर्फ. एके दिवशी मुकादमानं लोणचं बघावं म्हणून झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं सरकला.

"बाई, ह्ये काय वो?"

"मेंदू आहे. बोकडाचा."

"खायाला?"

"नाही. बघायला."

"त्यात काय बघायचं?"

"तुमच्यात आहे तेच."

मुकादम आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. बाईंना त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

तो मेंदू मी खलात वाटायची, बर्फासारख्या पाण्यात. "गरम होऊ देऊ नका, मरेल," असं त्या सारख्या म्हणायच्या. एक दिवस मी विचारलं, "बोकड तर मेलंच हाय की. आता आनखी काय मरायचं ऱ्हायलं?"

त्या थांबल्या. मला वाटलं चिडल्या. पण त्यांनी माझ्या कमरेच्या चंचीकडं बोट केलं. "तुमचा अडकित्ता द्या."

मी दिला.

"शेवंताबाई, तुम्ही हात उचलायचं ठरवलं, तर डोक्यातून निरोप निघतो आणि नसेतून खाली येतो. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मधे फट असते, केसाहून कितीतरी बारीक. निरोप टोकाशी पोचला की तिथून एका रसायनाचे कण सुटतात, फट ओलांडतात आणि स्नायूला लागतात. स्नायू आखडतो. हात वर गेला. आता पुढं?"

"पुढं काय? खाली ठिवायचा."

"ते कण तिथंच राहिले तर? स्नायू आखडतच राहील. थरथरत राहील. म्हणून त्या फटीत हा बसवलाय." त्यांनी अडकित्ता वर धरला. "ह्याला दोन जागा. एका जागी कणाची शेपटी ओढून धरली जाते, लोहचुंबकानं टाचणी ओढावी तशी. दुसऱ्या जागी तो कापला जातो. एक तुकडा लगेच पडतो. दुसरा पात्याला जरा चिकटतो, त्याला पाणी धुऊन नेतं. की पातं मोकळं. पुढची सुपारी. पापणी लवायच्या आत अशा किती सुपाऱ्या कापून होतात."

"ह्याला नाव काय?"

त्यांनी सांगितलं. कोलिनेस्टरेज. ते नाव बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर रोज बघून बघून मला पाठ झालं. नवऱ्याला ऐकवलं तर तो म्हणाला, हे स्टेशन कुठल्या लायनीवर आहे.

"आणि शेडमधलं औषध?" मी विचारलं.

बाईंनी दारातला एक खडा उचलला, अडकित्त्यात ठेवला आणि दाबला. खडा पात्यात रुतून बसला. हलवला, पडेना. पाण्याखाली धरला, तरी पडेना.

"हे असं. पाण्यानं जात नाही. सुपाऱ्या येत राहतात, कापायला कोणी नाही. तोंडाला पाणी सुटतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग उडायला लागतं. शेवटी श्वास घेणारे स्नायू दमतात."

"म्हंजी किडीचं?"

"किडीचं. आणि माणसाचं. हा अडकित्ता तिला आणि आपल्याला एकसारखाच दिलाय. शरीर नवे घडवतं, पण सावकाश. महिना, दोन महिने. तेवढे दिवस माणूस शेडच्या बाहेर राहिला तर सावरतो."

माझ्या पात्याला खाच पडली ती पडलीच. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. बाईंनी पुण्याहून नवा अडकित्ता आणून दिला. तो जुना मात्र त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला आणि परत मागितला तर दिला नाही.

बाईंचं खरं काम मेंदूतल्या त्या अडकित्त्यांवर औषधाचा जोर तपासायचं होतं. त्यासाठीच त्यांना पगार होता. पण त्यांनी दुसरं काम अंगावर घेतलं. शेडमध्ये जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं रक्त आधी तपासायचं. साहेबांच्या मागं त्या सहा महिने लागल्या होत्या. साहेब शेवटी म्हणाले, "करा बाई, पण माणसं कामावरून उठवून नेऊ नका." म्हणून सगळी तपासणी जेवणाच्या सुट्टीत.

तपासणी साधी होती. रक्तातही तोच अडकित्ता असतो. नळीत हिरवं-निळं पाणी घ्यायचं, त्यात त्या कणांचं रसायन, आणि बोटातून काढलेलं थोडं रक्त. कण कापले गेले की त्यातून आंबट रस सुटतो आणि पाणी पिवळट होत जातं. बाई घड्याळ लावून बसायच्या. लवकर पिवळं झालं तर अडकित्ते मोकळे. उशीर लागला तर अडकलेले.

"पण किती लवकर म्हंजी बरं?" मी विचारलं होतं.

"ते प्रत्येकाचं निराळं. कोणाचं अठरा मिनिटांत होतं, कोणाचं चोवीस. जन्मतःच तसं. म्हणून माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. शेजाऱ्याशी नाही."

हे त्या फार वेळा म्हणायच्या. रक्ताविषयीच नाही. कुणी मला म्हणालं, अमकीची सून बघ कशी झटझट काम करते, की बाई तिथूनच म्हणायच्या, "तुलना स्वतःशी." म्हणून शेडमध्ये जायच्या आधी प्रत्येकाचं एकदा रक्त घ्यायचं, लागलेली मिनिटं त्याच्या नावाच्या कार्डावर लिहायची, आणि नंतर दर महिन्याला त्याच कार्डाशी ताडून बघायचं. कार्डापेक्षा बराच उशीर लागला की तो माणूस दोन महिने बाहेर, खोकी ठोकायला. बाईंचा सगळा भरवसा त्या कार्डावर होता.

आता मारुतीचं सांगते.

मारुती चाकणच्या पलीकडचा. बायको हौसा, एक मुलगी. आमच्या शेजारी खोली करून राहायचा. गावाकडं थोडी जमीन, तिच्यावर जीव. सुगी आली की हा गावाला पळणार. मग कामावर कोण? तर त्याचा चुलतभाऊ गेनू. कार्ड मारुतीचं, माणूस गेनू. हाक मारुतीच्या नावाची यायची, ओ गेनू द्यायचा. गेनूला कायमचं काम नव्हतं, त्याला तेवढाच आधार. अशा बदल्या शेडमध्ये निम्म्या लोकांच्या चालायच्या. मुकादमाला माहीत, सगळ्यांना माहीत. त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं. मलाही नाही. भावाच्या जागी भाऊ उभा राहिला, एवढंच ते.

भरणीचा नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी पहिल्यांदा रक्त घ्यायचा दिवस ठरला, तो नेमका सुगीत. मी नळ्यांचं ताट धरून उभी. मुकादम नावं पुकारत होता. "मारुती!" आणि गेनू उठून आला. बाई दिवसभर तपासणीच्या खोलीत, माणसं चाळीस, त्यांना तोंडं कुठली माहीत? गेनूनं माझ्याकडं बघून डोळा मारला. हळूच म्हणाला, "वैनी, गप."

मी गप.

बाईंनी त्याच्या बोटाला सुई लावली. त्याचं पाणी पिवळं होईना. सगळ्यांचं झालं, ह्याचं चालूच. एकतीस मिनिटं. बाईंनी त्याला परत बोलावलं.

"अहो मारुतीराव, तुम्हाला एवढ्यात कावीळ झाली होती का? काविळीनंही हे उतरतं."

गेनूला चार महिन्यांपूर्वी चांगली कावीळ झाली होती. उसाचा रस पिऊन पिऊन बरा झालेला. पण त्याला वाटलं, हो म्हटलं तर मारुतीचं काम जाईल. तो म्हणाला, "न्हाई बाई. आमी कवा आजारी पडत न्हाई."

बाईंनी कार्डावर लिहिलं. मारुती, एकतीस.

मी तिथं उभी होते. मला काय कळलं नव्हतं असं म्हणायला मी मोकळी आहे, आणि साठ वर्षं तसंच म्हणत आले. पण खरं असं की मनात आलं होतं. तुलना स्वतःशी, हे मी रोज ऐकत होते. मग मी ते मनातून काढून टाकलं. बोलले असते तर मारुती, गेनू आणि मुकादम, तिघांच्या पोटावर आलं असतं. आणि हौसानं माझ्या दारात येऊन बोटं मोडली असती.

सुगी संपली. मारुती परत आला, शेडमध्ये रुजू झाला. उन्हाळा लागला. रबरी हातमोज्यांत हात उकडायचे, लोक ते काढून ठेवायचे. तोंडाला कापड बांधायचं तर तंबाखू कशी खायची? महिन्याची पहिली तपासणी आली तेव्हा मारुती स्वतः आला. खोकल्यासारखं करत होता. सारखा थुंकत होता.

"बाई, डोळ्यांफुडं अंधारी येती. काल बायको म्हनली सुईत दोरा ओव, तर नेढं दिसंना."

बाईंनी त्याला बसवलं. रक्त घेतलं, नळीसमोर बसल्या. चौतीस मिनिटं. कार्ड काढलं. एकतीस.

"कार्डाप्रमाणे फार फरक नाही," त्या म्हणाल्या. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा केलं. पुन्हा चौतीस. "तुमचं मुळातच सावकाश आहे, मारुतीराव. पण तुम्हाला बरं वाटत नसेल तर मी साहेबांना सांगून तुम्हाला बाहेर घेते."

बाहेर म्हणजे खोकी ठोकायला, आणि शेडचा भत्ता बंद. मारुती उठला. "न्हाई न्हाई. उन्हानं झालं आसंल. कागद बरं म्हनतोय न्हवं? मग बरंच हाय."

बाई कार्डाकडं बघत राहिल्या. मी नळ्या धुवायला घेतल्या. पाणी मोठं सोडलं होतं मी, हे मला आठवतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिंपाचं बूच निसटलं आणि मारुतीचा सदरा भिजला. त्यानं तो तसाच अंगावर वाळवला. पावणेतीनला तो शेडच्या दारात पडला. तोंडाला फेस, सगळं अंग त्वचेखाली किडे वळवळावेत तसं उडत होतं. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं फेफरं. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. बाई धावत आल्या. त्यांनी त्याच्या पापण्या वर केल्या, आणि मी त्यांचं तोंड बघितलं. बाहुल्या होत्या की नाही कळेना, एवढ्या बारीक.

"कपडे काढा. सगळे काढा. पाणी ओता," असं त्या ओरडत होत्या. पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. माणसं उघड्या माणसाकडं बघत उभी राहिली, कुणी हलेना. मी आणि गेनूनं पाणी ओतलं. मारुती चार वाजायच्या आत गेला. हौसा आली तेव्हा त्याचे केस अजून ओले होते.

त्यानंतरचे चार दिवस बाई खोलीतून हलल्या नाहीत. स्वतःचं रक्त तपासलं, माझं तपासलं, शिपायाचं तपासलं. रसायन नवं बनवलं. पाणी बदललं. घड्याळ स्टेशनवरच्या घड्याळाशी लावून आणलं. सगळं बरोबर यायचं. मग त्या आणखी खचायच्या. म्हणजे चूक कुठं आहे ते सापडत नव्हतं, आणि एक माणूस त्यांनी 'ठीक' म्हणून परत पाठवला होता.

पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं. माझ्याकडं न बघता.

"शेवंताबाई, त्या दिवशीच्या नळ्या नीट धुतलेल्या होत्या ना?"

मी दयेनं बोलले असं कुणी समजू नये. मला राग आला. माझ्या कामावर बोट ठेवलं म्हणून मी बोलले.

"नळ्या चांगल्या हुत्या, बाई. रगत मारुतीचं न्हवतं."

आणि सगळं सांगितलं. सुगी, गेनू, हाक, कावीळ. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी एक कागद ओढला, त्यावर काहीतरी आकडे मांडले आणि म्हणाल्या, "त्याचं स्वतःचं वीसच्या आसपास असणार. वीस. आणि माझ्यासमोर चौतीस आलं. म्हणजे जवळजवळ निम्मे अडकलेले होते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तो सांगत होता, नेढं दिसत नाही. मी कार्ड बघत होते."

मी म्हटलं, "तुमची चूक न्हाई. तुमाला काय ठावं."

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. आणि त्यानंतर त्या मला तसं एकदाही म्हणाल्या नाहीत. एकदा म्हणाल्या तेवढं मला पुरलं आहे.

मग त्यांनी विचारलं, "हौसाबाईंचं काय ठरलंय?"

साहेबांनी हौसाला चिठ्ठ्या चिकटवायचं काम आणि राहती खोली कबूल केली होती. मी सांगितलं, "बदलीचं भाईर आलं तर साहेब म्हनतील, कार्डच खोटं, मानूसच लबाड, द्यायचं कशापायी? तिला हाकलतील. गेनूवर पोलीस घालतील."

बाईंनी कपाळ दाबून धरलं. मग टंकलेखनाचं यंत्र पुढं घेतलं. साहेबांनी त्यांच्याकडं लेखी मागितलंच होतं. इंग्रजीत लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं, जणू मी कोणी मोठी अधिकारी होते. त्यात एवढंच होतं की तपासणीत माझ्याकडून चूक झाली, ह्या पद्धतीवर विसंबता येत नाही. खाली सही.

"बाई, ह्ये खोटं हाय," मी म्हटलं.

"पहिलं अर्धं खरं आहे," त्या म्हणाल्या.

त्या कागदानं हौसाची खोली राहिली. पण दुसरंही झालं, जे आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नव्हतं. मारुतीची जागा रिकामी झाली होती. रिकाम्या जागी गेलेल्याच्याच घरातला माणूस घ्यायची कारखान्याची रीत. गेनूला कायमचं काम मिळालं. भरणीच्या शेडमध्ये, मारुतीच्याच बाकावर. गेनूनं पेढे वाटले नाहीत, पण नवा सदरा घातला होता.

बाई साहेबांकडं गेल्या. मी दाराबाहेर होते.

"ह्या माणसाला शेडमध्ये घेऊ नका. ह्याचं रक्त आधीच सावकाश आहे."

"कशावरून म्हणता?"

"तपासणीवरून."

साहेब हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं बोलायला हवं. त्यांनी खणातून कागद काढला. "बाई, ही सही तुमचीच आहे ना? तुम्हीच लिहिलंय, विसंबता येत नाही. मग मी कशावर विसंबू?"

बाई बाहेर आल्या. त्यांना खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं परत घेता येत नव्हतं. नळ्यांचं कपाट साहेबांनी कुलूप लावून बंद केलं.

मग बाईंनी जे सुरू केलं त्यामुळं लोक त्यांना वेडी म्हणायला लागले. पाळी सुटायच्या वेळी त्या शेडच्या दारात उभ्या राहायच्या. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला, "अहो, जरा उजेडाकडं बघा." हनुवटी वर करायच्या आणि बाहुल्या बघायच्या. यंत्र नाही, नळी नाही, कार्ड नाही. माणसाचं तोंड आणि ऊन.

पोरांना चेव आला. "बाई, माज्या डोळ्यात बघा की, माज्यात लई खोल हाय." "बाई रोज नजर काढत्यात राव, आता मीठ-मोहऱ्या तेवढ्या आना." बाई त्यांच्याही डोळ्यांत बघायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे. हात धुवा. पुढं."

गावातल्या कंपाउंडरकडून त्या वांग्यावर सुई टोचायला शिकल्या. पिशवीत अ‍ॅट्रोपीनच्या काचकुप्या ठेवायला लागल्या. मी विचारलं, ह्यानं खडा निघतो का?

"नाही. पात्यातला खडा ह्यानं निघत नाही. छातीत साचणारं पाणी तेवढं थांबतं. थोडा वेळ मिळतो."

गेनू त्यांना टाळायचा. मागच्या दारानं जायचा. त्याला वाटायचं बाईंना कळलंय, आणि बाईंना कळलेलंच होतं. एकदा त्यांनी त्याला गाठलं. "गेनूराव, मला तुमच्यावर राग नाही. मला फक्त तुमचे डोळे दाखवत जा." तो खाली बघून उभा राहिला, आणि डोळे काही वर केले नाहीत. मारुतीच्या मरणानं तो आतून सडत होता, पण ते काम सोडायची ताकद त्याच्यात नव्हती. गावाकडं त्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती.

श्रावणात एका दुपारी गेनू मागच्या दारानंही बाहेर आला नाही. बाई आत शिरल्या. तो पिंपांमागं बसला होता, ओकला होता, पाय झाडत होता. बाईंनी त्याचे कपडे फाडले, मी पाणी ओतलं. ह्या वेळी चार माणसं धावली, बादल्या घेऊन. बाईंनी मांडीत सुई घातली. दहा मिनिटांनी पुन्हा घातली.

साहेब आले. "बाई, तुम्ही डॉक्टर नाही. ह्याचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. "गाडी द्या."

गाडी पुण्याला गेली होती. बाई तशाच पळत हमरस्त्यावर गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. वाळूची लॉरी होती. ड्रायव्हरनं आधी शिव्या दिल्या, मग गेनूला वर घ्यायला स्वतः खाली उतरला.

गेनू जगला. पुण्याच्या दवाखान्यात तीन आठवडे होता, नंतर कारखान्यात परत आला नाही, चाकणच्या बाजारात हमाली करून म्हातारा झाला. बाईही परत आल्या नाहीत. डॉक्टर नसताना सुई टोचली म्हणून त्यांना काढल्याचा कागद त्यांच्या खोलीवर गेला. त्यांचं सामान कोणी उतरवलं, त्या कुठं गेल्या, मला माहीत नाही. मी शोधही घेतला नाही. कुठल्या तोंडानं घेणार होते?

मला आठवतं ते एवढंच. ओल्या वाळूच्या ढिगावर बाई पाय पसरून बसलेल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, अंगातला पांढरा कोट ओकारीनं. गेनूचं डोकं मांडीवर. मी चाकावर पाय देऊन वर चढायला लागले तर म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. तुमचं काम जाईल." मी खाली उतरले.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाईंनी दोन बोटांनी गेनूची पापणी वर केली आणि त्याच्या तोंडाशी वाकल्या.

"झोपायचं नाही. तुमचं नाव सांगा."

गेनूचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही.

"पूर्ण सांगा. वडलांचं नाव, गाव."

"गेनू," तो म्हणाला. थांबला. श्वास ओढला. "गेनू धोंडिबा जाधव."

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

लॉरी चिंचवडच्या वळणापर्यंत गेली, तोवर त्या त्याच्याकडून म्हणून घेत होत्या.